दवाखान्याभोवतीची फट

अण्णांनी आयुष्यभर इमारती बांधल्या आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की माझी इमारत हलत नाही. ते कंत्राटदार होते. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला एखाद्या जुन्या कामावर घेऊन जायचे, भिंतीला खांदा लावायचे आणि म्हणायचे, "लाव, तूही जोर लाव." गिऱ्हाईक बिचारं संकोचून भिंत ढकलायचं. भिंत अर्थातच हलायची नाही. मग अण्णा अशा काही थाटात बघायचे, की जणू ती त्यांनीच आतून धरून ठेवली होती.

अशा माणसाची एकुलती एक लेक शिकून इंजिनीयर झाली आणि इमारती हलल्याच पाहिजेत असं म्हणू लागली.

भूकंपात टिकणाऱ्या इमारती हा तिचा विषय. शहराच्या टोकाला नवा मोठा दवाखाना झाला, त्याचा सांगाडा तिनंच आखला होता. तो दवाखाना थेट पायावर उभा नव्हता. पाया आणि इमारत यांच्यामध्ये तिनं जाडजूड गोल उशा बसवल्या होत्या. रबराचा एक थर, पोलादाचा एक पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा, आणि मधोमध शिशाचा गाभा. जमीन जोरात हलली तर या उशा वाकणार, हिसका त्या पोटात घेणार, आणि वरची इमारत सावकाश झुलून थांबणार, असा तो हिशोब.

"दवाखान्यात पेशंटला गादी देतात हे मला ठाऊक होतं," अण्णा येईल-जाईल त्याला सांगत. "इमारतीलाही गादी लागते, हा शोध आमच्या घरी लागला."

"तुमच्या इमारती हलत नाहीत अण्णा," लेक शांतपणे म्हणायची, "कारण त्यांना अजून कुणी नीट हलवलेलं नाही."

मग आई दोघांच्याही ताटात न मागता भाजी वाढायची. तोंडं कामाला लावायचा तिचा तो ठरलेला उपाय होता.

या उशांपायी दवाखान्याभोवती एक फट ठेवावी लागली होती. चारही बाजूंनी, हातभर रुंद आणि माणूस उतरेल इतकी खोल. जमीन सरकेल तेव्हा तिला सरकायला जागा हवी, म्हणून. वरून पोलादी पत्रे टाकले होते. ते एका अंगानं इमारतीला पक्के आणि दुसऱ्या अंगानं जमिनीवर नुसते टेकलेले. पण रिकामी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. माळ्यानं फटीवर कुंड्यांची रांग मांडली. कँटीनवाल्यानं फटीवरच लाकडी ओटा ठोकला. कुणीतरी पाण्याचा पाइप नाकासमोर सरळ आरपार नेला. लेक दर महिन्याला येऊन हे सगळं काढायला लावायची. दवाखान्यात तिला फटवाल्या मॅडम असंच म्हणत. ती दिसली की माळी कुंड्या उचलायला लागायचा आणि तिची पाठ वळली की पुन्हा मांडायचा.

"त्या डुगडुगत्या दवाखान्यात मी पाऊल ठेवणार नाही," अण्णांनी जाहीर करून टाकलं होतं.

पण त्यांच्या गुडघ्याला हे कुणी कळवलं नसावं. वर्षानुवर्षं जिने चढून-उतरून तो पार झिजला होता, आणि गुडघे बदलणारे चांगले डॉक्टर नेमके त्याच दवाखान्यात बसत.

"पाऊल ठेवू नका," आई म्हणाली. "स्ट्रेचरवरून आत न्यायला सांगते. म्हणजे तुमचा शब्दही राहील."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी हातात नमुना घेऊन समजावलं, की वरच्या हाडाला धातूची टोपी बसवली, खालच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये ही प्लॅस्टिकची जाड चकती.

आईनं चकती हातात घेऊन निरखली. "म्हणजे गादीच की हो," ती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि भूल अजून उतरली नाही असं डॉक्टरांना सांगितलं.

पुढचे काही दिवस व्यायामवाल्या बाई त्यांना वॉकर धरून चालवायला नेत. अंगानं काडी, पण आवाज मुकादमाचा. आधी वॉर्डातच फेऱ्या झाल्या, मग लिफ्टनं खाली, मग मुख्य दारातून बाहेरच्या बाकापर्यंत. आणि दाराबाहेर पडताना, त्या पोलादी पत्र्याच्या कडेला अण्णांच्या वॉकरचा पाय अडला. खण्णकन आवाज झाला. मागून एका म्हातारीची चाकाची खुर्ची आली, तीही तिथंच धडकली. म्हातारी म्हणाली, रोजचंच आहे, कंबर खिळखिळी झाली.

अण्णा बाकावर बसले आणि त्या पत्र्याकडे बघत राहिले. इतक्या मोठ्या दवाखान्याच्या तोंडावरच असं अर्धवट काम. आणि तेही स्वतःच्या लेकीचं. लोक काय म्हणत असतील?

त्यांनी व्यवस्थापकांना बोलावून घेतलं. व्यवस्थापक त्या पत्र्याला आधीच कंटाळले होते. तो वाजायचा, त्याखाली कचरा साठायचा, त्यावरून तक्रारी यायच्या. अनुभवी कंत्राटदार, शिवाय फटवाल्या मॅडमचे वडील स्वतः सांगतायत म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं. दोन गवंडी आले. पत्रा काढला. दारासमोरची फट तळापासून दगड-विटांनी भरली आणि वर काँक्रीट ओतलं. अण्णा दवाखान्याच्या निळ्या झग्यात, पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसले होते आणि तिथून काम करवून घेत होते. चाक घसरू नये म्हणून त्यांनी ओल्या काँक्रीटवर बारीक रेघा मारून घेतल्या. उतार असा काढला की कळूही नये.

आई डबा घेऊन आली. तिनं काम बघितलं, नवऱ्याचा उजळलेला चेहरा बघितला.

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिचंच काम नीट करून दिलंय. येईल तेव्हा बघेल."

"बघेल तर खरंच," आई म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

लेक आली दोन-तीन दिवसांनी. वडिलांसाठी फळं घेऊन घाईघाईत येत होती. दाराशी आली आणि थबकली. पायाखाली खण्ण वाजलं नव्हतं. तिनं खाली बघितलं, वाकून हात लावला, आणि फळांची पिशवी हातात तशीच धरून बराच वेळ उभी राहिली.

वर आल्यावर ती आधी काहीच बोलली नाही. हे लक्षण चांगलं नाही, हे आईला कळलं. अण्णांना कळलं नाही.

"बघितलंस ना?" ते म्हणाले. "आता त्या म्हातारीच्या कंबरेला..."

"अण्णा, ते कुणी केलं?"

"मीच करवून घेतलं. बसल्या जागेवरून. माल चांगला वापरलाय, काळजी करू नकोस."

"मला एका शब्दानं विचारायचं तरी."

"अगं, एवढीशी तर फट. इतक्या मोठ्या इमारतीला काय फरक पडतो?"

लेक पलंगाशेजारच्या छोट्या कपाटापाशी गेली. खण अर्धवट उघडला, त्याच्या मागच्या जागेत एक चमचा उभा अडकवला आणि खण ढकलला. तो बसेना. तिनं जोरानं ढकलला. कपाट डुगडुगलं, वरचा तांब्या कलंडला, आणि पाणी अण्णांच्या वर्तमानपत्रावर सांडलं.

"चमचा एवढासाच आहे," ती म्हणाली. "जमीन सरकेल तेव्हा हीच गत होईल. तुमचं काँक्रीट चांगलं आहे म्हणून तर जास्त भीती. कच्चं असतं तर चुरा होऊन गेलं असतं. हे सगळा धक्का आख्ख्या इमारतीला देईल, आणि तोही एकाच अंगाला. ती पिळवटली जाईल. वर ऑपरेशनं चालू असतात, अण्णा."

"इतकी वर्षं इमारती बांधल्या, आता चमच्यानं शिकव मला."

"उद्या सकाळी फोडून घेतेय," ती म्हणाली, फळं ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी फोडणारे आले. अण्णा वरच्या खिडकीशी वॉकर धरून उभे होते. मशीनचा खडखडाट सकाळी सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. काँक्रीट हटायला तयार नव्हतं. एकदा तर मशीनचं टोकच मोडलं. अण्णांनी आईला हाक मारून ते दाखवलं.

त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं सोडलं. म्हणजे बोलत होते, पण आईमार्फत. लेक समोर खुर्चीत बसलेली असायची आणि हे म्हणायचे, "तिला सांग, मला जेवण गेलंय. तिला सांग, डॉक्टर आता घरी सोडतो म्हणालेत."

"तुझे वडील म्हणतायत की त्यांना जेवण गेलंय," आई गंभीरपणे सांगायची. "बाकी निरोप संध्याकाळच्या फेरीत मिळतील."

"त्यांना सांग," लेक एकदा म्हणाली, "की त्यांच्या काँक्रीटनं दिवस खाल्ला. फोडणाऱ्यांनी हात जोडले. असं काम मी कित्येक वर्षांत बघितलं नाही."

अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं धरलं होतं, पण आईनं काही म्हटलं नाही.

घरी सोडायचं त्या दिवशी सकाळी व्यायामवाल्या बाईंनी त्यांना शेवटचं चालवलं आणि दाराबाहेरच्या बाकावर आणून बसवलं. आई शेजारी बसली होती. ऊन कोवळं होतं. पत्रा पुन्हा जागेवर बसला होता. अण्णा मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते.

आधी आवाज आला. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. मग बाक एका अंगाला गेलं आणि झटक्यानं दुसऱ्या अंगाला. समोर उभ्या केलेल्या स्कूटर एकामागून एक आडव्या झाल्या. अण्णांचा वॉकर आपला आपण चार पावलं चालत निघाला आणि पडला. रस्त्याकडेची आवाराची भिंत बाहेरच्या बाजूला निजली, अगदी सावकाश निजल्यासारखी दिसली, आणि धुरळा उठला. आईनं अण्णांचा हात धरला. की अण्णांनी आईचा, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला.

त्यांचे डोळे मात्र दाराकडे होते. इमारत तिथंच होती, आणि तिच्याभोवतीची जमीन तिच्याकडे धावत जाऊन परत येत होती. इमारत आपल्याकडे येतेय की आपणच बाकासकट तिच्याकडे चाललोय, त्यांना कळेना. पोलादी पत्रा फरशीवरून करकरत पुढं यायचा आणि मागं जायचा. फटीच्या दोन कडा एकमेकींजवळ येत होत्या, इतक्या जवळ की मध्ये आता पाऊलही मावलं नसतं, आणि पुन्हा दूर होत होत्या. आत काचेच्या दारापलीकडे एक नर्स खांबाला धरून उभी होती. तिच्या शेजारी टेबलावर फुलदाणी होती. ती डुलत होती, पण पडली नाही.

मग थांबलं. सगळेच एकदम बोलायला लागले.

अण्णा फटीकडे बघत होते. नेमकं त्याच जागी त्यांनी दगड-विटा भरल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चमचा," ते एवढंच म्हणाले.

आई चिडवायला लागणार होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि राहू दिलं.

थोड्याच वेळात गाड्या यायला लागल्या. शहरात पडझड झाली होती. जुन्या वस्तीतून माणसं आणत होते, कुणाचा हात मोडलेला, कुणाचं डोकं फुटलेलं. दवाखान्यातले दिवे चालू होते, पाणी चालू होतं, लिफ्ट तपासून लगेच सुरू केल्या होत्या. अडलं ते दाराशी. धक्क्यात पत्र्याचं एक टोक वाकून वर आलं होतं, आणि प्रत्येक स्ट्रेचरचं चाक त्यात अडकत होतं. वॉर्डबॉय स्ट्रेचर उचलून पलीकडे नेत होते, वर झोपलेला माणूस कळवळत होता. व्यवस्थापक डोकं धरून उभे होते.

"प्लायवूड आहे का कुठं?" अण्णांनी बाकावरूनच आवाज दिला. कामावर वापरायचा तो आवाज, ऑपरेशन होऊनही त्याला काही झालं नव्हतं. "कँटीनच्या मागं जाड फळ्या आहेत. मी बघितल्यात. आणा."

फळ्या आल्या. अण्णा वॉकर धरून स्वतः दाराशी गेले. व्यायामवाल्या बाईंनी एकदा अडवून बघितलं आणि मग त्याच त्यांच्या कमरेला धरून उभ्या राहिल्या. एका वॉर्डबॉयनं हातोडी आणली होती.

"खिळा नको मारू," अण्णा ओरडले. "नुसती ठेव. तिकडून टेकव, इकडून मोकळी. अरे, पुन्हा धक्का बसला तर? सरकली पाहिजे ती. हलली पाहिजे."

मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी वळून बघितलं. लेक होती. रस्ते अडले म्हणून तिच्या ऑफिसपासून चालत आली होती, पायांपासून केसांपर्यंत धूळ बसलेली. फोन लागत नव्हते. आई-वडील दवाखान्यात आहेत की घरी पोचलेत, एवढंही तिला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी आईकडे बघितलं. "तिला सांग, पत्र्याचं टोक वाकलंय. बाकी ठीक आहे."

"ती तुमच्या नाकासमोर उभी आहे," आई म्हणाली. "मला आता खूप कामं आहेत." तिला खरं म्हणजे एकही काम नव्हतं.

अण्णांनी घसा साफ केला. "पत्रा थोडा जाड घ्यायला हवा होता," ते लेकीला म्हणाले.

"हो, अण्णा. जाड घ्यायला हवा होता."

"आणि कडेला गोलाई. म्हणजे चाक अडत नाही."

"बरं."

मग ती बाकावर धपकन बसली. अण्णा तिच्याशेजारी बसले. ते तिच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिले.

ती आत जाऊन तळघरात उतरली, एकेक उशी तपासून आली. ठीक होत्या. अण्णांनी सगळं विचारलं, एखादी खराब झाली तर इमारत उचलायची कशी, जॅक कुठं लावायचा, उशी किती वर्षं टिकते. चेष्टा एकही केली नाही. आईला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तिघं घरी पोचली.

घर उभं होतं. अण्णांनी तरुणपणी स्वतः बांधलेलं, एकमजली. पण गच्चीचा समोरचा कठडा नव्हता. पुढं काढलेली नक्षीदार विटांची ती उंच भिंत सगळीच्या सगळी खाली अंगणात आली होती. अंगणात अण्णांची वेताची खुर्ची असायची. सकाळचं वर्तमानपत्र ते तिथंच वाचत. आता विटांच्या ढिगातून खुर्चीचा एक पाय तेवढा वर आलेला दिसत होता.

आई पायरीवरच बसली.

"ती खुर्ची तशीही करकरतच होती," अण्णा म्हणाले.

लेक ढिगाकडे बघत होती. कठडा बघून तिला पूर्वी कधी शंका आली नव्हती असं नाही. पण या घराबद्दल काही बोललं की अण्णांचा जो चेहरा व्हायचा, तो आठवून ती दरवेळी गप्प बसली होती.

"तो कठडा मीच उंच करून घेतला होता," अण्णा म्हणाले. "गल्लीत दुसऱ्या कुणाचा इतका उंच नव्हता. नुसती शोभा. आत एक सळईसुद्धा नाही."

लेकीला बोलायला भरपूर होतं. पण ती घरात गेली. टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीत फिरली, दारांच्या वर, खिडक्यांच्या कोपऱ्यात बघितलं, खांब जिथं तुळईला मिळतात तिथं हात फिरवला. स्वयंपाकघरात मांडणी आडवी झाली होती आणि डब्यांतलं पीठ सगळीकडे पसरलं होतं. भिंतींना मात्र एक भेग नव्हती. शेजारच्या घराला कोपऱ्यात बोट जाईल एवढी पडली होती.

"अण्णा, हे घर कसं बांधलंत तुम्ही?"

"कसं म्हणजे? जसं बांधायचं तसं."

"नीट सांगा. मला खरंच हवंय."

मग अण्णांनी सांगितलं. दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना मिळून काँक्रीटचा एक सलग पट्टा घातला होता, कमरेला पट्टा बांधावा तसा. खांबातल्या उभ्या सळयांना ज्या कड्या असतात, त्यांची टोकं नुसती काटकोनात न मोडता आत, खांबाच्या पोटात वळवून घेतली होती. मजूर कुरकुरायचे, त्याला वेळ लागतो. अण्णा एकेक कडी स्वतः तपासायचे.

"कशासाठी, ते ठाऊक होतं?" लेकीनं विचारलं.

"सुटू नयेत म्हणून. अजून कशासाठी?"

"तेच, अण्णा. खांब हलतो तेव्हा सुटू नयेत म्हणूनच. आम्ही कामावर हेच सांगून सांगून दमतो. शाळेची इमारत चालू आहे माझी. तिथले लोक टोकं काटकोनात मोडतात आणि मी वळले की हसतात."

अण्णा जरा ताठ बसले. "काटकोनात?"

"हो."

"आणि तू चालवून घेतेस?"

"घेत नाही. पण मी काही दिवसभर तिथं उभी राहू शकत नाही." ती थांबली. "तुम्ही याल? गुडघा बरा झाला की. बसूनच बघायचं."

अण्णांनी विचार केल्यासारखं दाखवलं. आईला ते दाखवणं चांगलंच ओळखीचं होतं.

"येईन," ते म्हणाले. "पण चूक दिसली तर मी तोंडावर बोलणार. आडून बोलायची मला सवय नाही. आणि आधी इथल्या कठड्याचं काय ते सांग. विटांचा नको म्हणशील."

"लोखंडी पाइपचा. हलका."

"पाइपचा? तुरुंगासारखा दिसेल."

"मग बुटका करा. गुडघ्याएवढा."

"बुटका कठडा बघून गल्लीतले हसतील मला."

दोघं ढिगासमोर उभी राहून वाद घालायला लागली. लेक हातानं हवेत उंची दाखवत होती आणि अण्णा वॉकरवरचा एक हात सोडून ती वर ढकलत होते. आईनं केरसुणी शोधली आणि सांडलेलं पीठ गोळा करायला घेतलं.

"तुझे वडील शाळेवर गेले, तर मीही येणार आहे," ती आतून लेकीला म्हणाली. "मजूर पळून गेले, तर समजूत काढून परत आणायला कुणीतरी लागेल."